तारीख कशाच्या भरवशावर

महाडचा खाडीपट्टा म्हणजे सावित्रीच्या काठाची गावं. या भागाचा रस्ता राजेवाडी फाट्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. त्या फाट्याजवळचा सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीनंतर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. 1928 सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर माणसांनी भरलेल्या दोन एसटीही गेल्या. त्यानंतर केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी नवा पूल 180 दिवसांत बांधू, असं जाहीर केलं. तो 165 दिवसांत झाला. 239 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असा हा पूल 5 जून 2017 ला, पावसाळ्याच्या तोंडावर वाहतुकीला खुला झाला.

ज्या महामार्गावर हा पूल आहे, त्याची कथा उलटी. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती मंत्र्यांनी किती तारखा दिल्या, याची मोजदाद कोकणातल्या माणसाने कधीच सोडून दिली. ‘गणपतीपूर्वी पूर्ण करू’ हे वाक्य दरवर्षी येतं आणि चाकरमानी दरवर्षी त्याच खड्ड्यांतून गावी पोहोचतो. मंत्रालय तेच आणि पाऊसही तोच. तरी एका कामाची तारीख खरी ठरली आणि दुसऱ्याची तारीख आता कोणी मनावरही घेत नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुलाचं काम काय आहे, हे पहिल्याच दिवशी माहीत होतं. नदीचं पात्र ठरलेलं, लांबी ठरलेली, तंत्र हजारदा वापरलेलं, शेजारच्या दुसऱ्या पुलावरून वाहतूक चालू. महामार्गाच्या कामात भूसंपादन होतं, कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्या होत्या, कंत्राटदाराची आर्थिक ओढाताण होती, आणि यातल्या बहुतेक गोष्टी तारीख जाहीर करणाऱ्याच्या हातात नव्हत्या. पहिल्या तारखेमागे हिशेब होता. दुसरीमागे इच्छा होती, पण ती हिशेबाच्या भाषेत सांगितली गेली.

सॉफ्टवेअरच्या कामाचा अंदाज आणि त्यावर अवलंबून असलेल्या लोकांचा विश्वास हा या लेखाचा विषय आहे. तो मला याच दोन तारखांमधून नीट दिसतो. पुण्याच्या हिंजवडीत, नवी मुंबईच्या ऐरोलीत किंवा परदेशातल्या क्लायंटसमोर बसून ‘हे किती दिवसांत होईल?’ या प्रश्नाला उत्तर देणारे खाडीपट्ट्यातले तरुण आज कमी नाहीत. आणि त्यांच्या गावातले आईवडील सातबारा, पीकविमा, कर्जमाफी, पोरांचे निकाल अशा गोष्टींसाठी कुणा दुसऱ्याने दिलेल्या सॉफ्टवेअरच्या तारखेवर डोळे लावून बसलेले असतात.

रस्त्याचं अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याजवळ एक आधार असतो. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची असते. खडीचा थर घनमीटरला किती, खोदाई किती, काँक्रीट किती, सगळं छापलेलं. काम झालं की ते मोजमाप पुस्तिकेत चढतं, म्हणजे पुढच्या अंदाजाला पुरावा मिळतो. सॉफ्टवेअरला दरसूची नाही, आणि त्यात आळस कोणाचा नाही. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम नक्कल करायला काही खर्च येत नाही. म्हणजे जे काम पूर्वी जसंच्या तसं झालेलं आहे, ते पुन्हा करावंच लागत नाही. जे करायला सांगितलं जातं, त्यात काही ना काही नवं असतं, आणि अंदाज चुकतो तो त्या नव्या भागातच.

दरसूचीची ही उणीव भरून काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. आयबीएममधल्या अ‍ॅलन अल्ब्रेख्ट यांनी 1979 मध्ये ‘फंक्शन पॉइंट’ची मोजपट्टी मांडली: किती गोष्टी आत घ्यायच्या, किती बाहेर द्यायच्या, किती नोंदी सांभाळायच्या, यावरून कामाचा आकार ठरवायचा. बॅरी बोहम यांनी 1981 मध्ये कोकोमो नावाचं गणिती प्रारूप दिलं. पुढे 2002 मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी पत्ते हातात घेऊन एकत्र अंदाज लावायची रीत काढली, ती आज ‘प्लॅनिंग पोकर’ म्हणून अनेक टीममध्ये चालते. मोठ्याने पहिला आकडा बोलणाऱ्या वरिष्ठाच्या मागे बाकीचे वाहवत जाऊ नयेत, म्हणून सगळ्यांनी एकदम पत्ता उघडायचा, एवढीच त्यातली युक्ती, पण ती मोलाची आहे. या सगळ्या पद्धतींपेक्षा मला बोहम यांचं एक निरीक्षण जास्त कामाचं वाटतं. कामाच्या अगदी सुरुवातीला, नुसती कल्पना असताना केलेला अंदाज चौपट कमी किंवा चौपट जास्त निघू शकतो. काम जसं उलगडतं तशी ही दरी अरुंद होत जाते. म्हणजे पहिल्या बैठकीत एकच तारीख सांगणारा माणूस, त्याला स्वतःला कळलं नाही तरी, अजून ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगत असतो.

माणसाचं मनही इथे आड येतं. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की, माणूस आपल्या कामाचा अंदाज करताना त्या कामाची गोष्ट मनात रंगवतो. तशीच कामं आधी इतरांना किती वेळ घेऊन झाली, हे बघत नाही. कानेमन यांनी स्वतःचाच दाखला दिला आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक अभ्यासक्रम लिहायला बसलेल्या त्यांच्या गटाने साधारण दोन वर्षांचा अंदाज केला. त्याच गटातल्या जाणकाराला अशा इतर गटांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, बऱ्याच गटांनी काम अर्धवट टाकलं आणि बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. हे ऐकूनही कोणी अंदाज बदलला नाही. ते काम पुरं व्हायला आठ वर्षं लागली. बेंट फ्लूब्येर्ग आणि अलेक्झांडर बुडझियर यांनी 2011 मध्ये 1471 आयटी प्रकल्पांचा हिशेब मांडला. सरासरी खर्चवाढ 27 टक्के निघाली. ती फार नाही. पण दर सहापैकी एका प्रकल्पाचा खर्च सरासरी 200 टक्क्यांनी वाढला होता. म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबणं धोक्याचं.

हे सगळं शास्त्र हाताशी असताना महाराष्ट्रात काय घडलं, ते पाहायला 2017 हे वर्ष पुरेसं आहे. सावित्रीचा पूल मुदतीआधी उभा राहिला त्याच वर्षी.

मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सगळ्याच परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, 477 परीक्षा. कंत्राट दिलं गेलं ते एप्रिलच्या अखेरीस, परीक्षा सुरू असताना. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, केंद्रांवर नेट पुरवायचं, गुण जुळवायचे. यातलं काहीही या प्रमाणावर आधी झालेलं नव्हतं. कायद्याने निकाल पंचेचाळीस दिवसांत लागायला हवेत. ते लागले नाहीत. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही गेली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, काही उत्तरपत्रिका सापडेनाशा झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय याच विद्यापीठाला जोडलेलं. पुढच्या प्रवेशाची खटपट करणाऱ्या मुलांच्या हातात गुणपत्रिकाच नव्हती. पडद्यावरची तपासणी ही कल्पना मुळात चुकीची होती, असं मी मानत नाही. ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली असती, तर किती शिक्षक, किती यंत्रं, किती दिवस याचा आकडा हातात आला असता. तो नसतानाच तारीख ठरली. राज्यपालांची मुदतसुद्धा कामाच्या मापातून आलेली नव्हती. संतापातून आलेली होती. संताप रास्त होता, पण त्याने स्कॅनिंगचा वेग वाढत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने 34,022 कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. 89 लाख शेतकऱ्यांना लाभ होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्षात हा आकडा बराच खाली आला. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, नवरा-बायकोने दोघांनी केंद्रावर जायचं, अंगठा द्यायचा, आणि मग हे अर्ज बँकांच्या याद्यांशी जुळवायचे, अशी रचना होती. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली. पैसे खात्यात यायला मात्र खूप वेळ लागला, कारण याद्यांत चुका निघाल्या. एकच आधार क्रमांक कितीतरी नावांपुढे दिसत होता. दिवाळीची तारीख राजकारणाने ठरवली होती. याद्या जुळवायला किती दिवस लागतील, हा प्रश्न त्या तारखेच्या आधी कोणी विचारला होता का, हे निकालावरून दिसतं.

दोन वर्षांनी, डिसेंबर 2019 मध्ये, दुसऱ्या सरकारने महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने दुसरी कर्जमाफी जाहीर केली. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागितला नाही. बँकांकडूनच माहिती घेतली, आणि शेतकऱ्याने यादीत नाव आलं की फक्त आधार पडताळणी करायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 24 फेब्रुवारी 2020 ला जी पहिली यादी लागली, ती फक्त 68 गावांची होती. त्यात 15,358 खाती होती. प्रत्येक जिल्ह्यातली दोन-दोन गावं. तिथे काय अडतं ते पाहून मग मोठी यादी लावली गेली. दोन सरकारांतल्या राजकारणात मला जायचं नाही. प्रशासनाने पहिल्या वेळचा धडा दुसऱ्या वेळी वापरला, ही नोंद मात्र व्हायला हवी. आपल्याकडे अशा नोंदी कोणी करत नाही, म्हणून प्रत्येक प्रकल्प शून्यापासून चुकायला सुरुवात करतो.

याच काळातलं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण सातबाऱ्याचं आहे. राज्यभरातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांचं संगणकीकरण वर्षानुवर्षं चाललं होतं. हाताने लिहिलेला उतारा संगणकावर चढवताना क्षेत्र चुकलं, नाव गळलं, आणेवारी हलली. कोकणात तर एकेका खात्यावर वीस-पंचवीस सामाईक नावं. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत, वारस नोंद झालेली नाही. सर्व्हर मंद, म्हणून तलाठी रात्री-बेरात्री बसून नोंदी करत. महसूल खात्याने तारखा दिल्या, त्या पुढे गेल्या. पण 2017 च्या उन्हाळ्यात खात्याने चावडी वाचनाची मोहीम काढली. संगणकावरचा सातबारा गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, चूक असेल तर तिथेच सांगायची, आणि ती दुरुस्त करायची. पुढे 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले.

या मोहिमेने तारीख लांबली असेलच. पण ज्याची जमीन आहे, त्याच्यासमोर ते काम उघडं ठेवलं गेलं. ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवण्याचा हक्क त्याला मिळाला. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात दर दोन आठवड्यांनी क्लायंटला डेमो दाखवायची रीत आहे, तिचा अर्थ या चावडीवर जास्त चांगला कळतो. विश्वास तारीख पाळल्याने वाढतो हे खरं. पण तारीख चुकली तरी तो टिकतो, जर काम कुठवर आलं आणि कुठे अडलं, हे समोरच्याला स्वतः तपासता आलं तर. नुसतं ‘ऐंशी टक्के झालंय’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘या गटातले सगळे उतारे वाचून झाले, त्यात इतक्या चुका निघाल्या’ हे वाक्य तपासता येतं.

आता अगदी जवळून एक काम पाहू. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2516 कोटी, मुदत पाच वर्षं. म्हणजे गावातल्या विकास सोसायट्या. समजा, खाडीपट्ट्यातल्या 600 सभासदांच्या एखाद्या सोसायटीची जुनी दप्तरं नव्या प्रणालीत चढवायची आहेत आणि ते काम आलेल्या पोराला सचिव विचारतात, ‘किती दिवस?’ पोरगा मनात हिशेब करतो: एका खात्याला दहा मिनिटं, 600 खाती म्हणजे शंभर तास, रोज पाच तास काम झालं तर वीस दिवस. तो म्हणतो, ‘तात्या, महिन्याच्या आत होईल.’ तात्या लगेच चेअरमनना मार्चअखेरीचा शब्द देऊन मोकळे होतात.

हाच पोरगा थोडा थांबला असता तर? त्याने कपाटातून कोणतीही वीस खाती काढून खरोखर चढवून पाहिली असती, तर त्याला दिसलं असतं की चौदा खाती दहा-दहा मिनिटांत होतात, पण सहा खात्यांना अर्धा-अर्धा तास लागतो. एका नावाचे तीन सभासद, एकाच्या कर्ज खतावणीत आणि रोजकीर्दीत रक्कम वेगळी, एक सभासद वारलेला, जुन्या संगणकातल्या यादीचा फाँट नव्या प्रणालीत उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. वीस खात्यांना सव्वापाच तासांच्या वर लागले, तर 600 खात्यांना 160 तास. अशी अडलेली खाती दुप्पट निघाली तर 220 तास. म्हणजे बत्तीस ते चव्वेचाळीस दिवस, आणि शेवटी तेरीज जुळवून लेखापरीक्षित ताळेबंदाशी ताडून पाहायचा वेळ वेगळा. आता त्याचं उत्तर असं होतं: ‘तात्या, सहा ते नऊ आठवडे. वीस खाती करून बघितली, त्यावरून सांगतोय. ही बघा वही. मार्चअखेर पाहिजेच असेल, तर आधी चालू कर्जदार घेऊ, थकीत आणि मयत सभासद नंतर. पाच आठवड्यांत पुन्हा सांगतो, कुठल्या टोकाला चाललोय ते.’

तात्यांना हे उत्तर आवडणार नाही. पण या उत्तरात त्यांच्या हातात काहीतरी आहे. वही आहे, निवड आहे, आणि बातमी मार्चच्या 30 तारखेला न येता फेब्रुवारीत येणार आहे. लावणीला किती दिवस लागतील, असं विचारलं तर इथला शेतकरीही पाऊस आणि माणसं धरूनच चार-सहा दिवस म्हणतो, आणि त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. संगणकाच्या कामात मात्र आपण अटीसकट दिलेल्या उत्तराला कच्चेपणा समजतो आणि ठोक तारखेला कर्तबगारी.

ही समजूत व्यवस्थेनेही पक्की केली आहे. सरकारी निविदा बहुतेकदा सर्वांत कमी दर देणाऱ्याला जाते. कामाची व्याप्ती कागदावर धूसर, दर मात्र पक्का आणि मुदत पक्की. खरा अंदाज देणारा पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. जो आत येतो त्याला ठाऊक असतं की वाढीव कामाच्या नावाखाली पुढे भरून काढता येईल, आणि देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. दोन्ही बाजू जाणूनबुजून एका खोट्या आकड्यावर सही करतात, मग विश्वासाची अपेक्षा कशी धरायची? खासगी कंपन्यांतही विक्री करणारा तारीख देतो आणि ती पाळायची जबाबदारी कधीच न विचारलेल्या टीमवर येते. या जाचाला कंटाळून गेल्या दशकात काही जाणत्या लोकांनी ‘अंदाजच नकोत’ अशी चळवळ चालवली: लहान तुकडे करा, एकेक देत राहा, लोकांना उपयोग दिसू द्या. मला त्यातली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. ज्या शेतकऱ्याला खरिपाचं पीककर्ज पेरणीआधी हवं आहे, त्याला ‘होईल तेव्हा होईल’ म्हणता येत नाही. अंदाज लागतोच, तो करणाऱ्याला खरा करू द्यायला हवा.

उशीर झालाच, तर पुढे जे केलं जातं त्याने तो आणखी वाढतो. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस 360 या प्रचंड कामाचा अनुभव घेऊन 1975 मध्ये सांगितलं होतं की, रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की ते जास्त रखडतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. त्यांच्याच हिशेबात प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायला एकूण वेळाचा सहावा भाग आणि तपासणीला निम्मा. आपल्याकडे मुदत जवळ आली की पहिला कात्रीखाली जातो तो हाच निम्मा भाग. मग पोर्टल उद्घाटनाच्या दिवशी चालतं, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सेवा केंद्रावर रांगेत उभ्या बाईला ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असं ऐकावं लागतं. तिची मजुरी बुडते. अंदाजातल्या लबाडीची किंमत शेवटी ती भरते, आणि तिचं नाव कोणत्याही प्रकल्प अहवालात येत नाही.

यावर मोठा कायदा वगैरे नको. खाडीपट्ट्यातल्या कोणत्याही रस्त्याच्या कामावर फलक लागतो: कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, पूर्ण करण्याची मुदत, ठेकेदार, दोषदायित्वाचा कालावधी. तो वाचून गावातला माणूस प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतोही. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक पोर्टलच्या पहिल्या पानावर असाच फलक लावावा, आणि त्यात दोन ओळी जास्त असाव्यात: पहिली तारीख कोणत्या हिशेबावर दिली होती, आणि ती किती वेळा व का बदलली. माहिती तंत्रज्ञान विभागाला हे करायला एक परिपत्रक पुरेल. ते निघेपर्यंत ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, विद्यापीठाच्या अधिसभेत जिथे कुठे कोणी सॉफ्टवेअरची तारीख जाहीर करेल, तिथे वाचकांनी उभं राहून एवढंच विचारावं: नमुन्याला किती खाती चढवून पाहिलीत?